भावाच्या नंबरावरून

साडेअकराचा सुमार होता. एप्रिलचं ऊन खिडकीच्या गजांमधून थेट टेबलावर येऊन बसलं होतं. परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा सुतळीनं बांधता बांधता प्रयागनं सहज फोनकडं पाहिलं आणि तिचा हात थांबला. फोनवर भावाचं नाव आलं होतं. चार वर्षांनी. नाव म्हणजे नुसतं ‘भाऊ’. तिनं ते कधी बदललं नव्हतं, पुसलंही नव्हतं. खाली झेंडूच्या तोरणाचं चित्र आणि दोन ओळी: आमचे येथे श्रीकृपेकरून शुभविवाह योजिला आहे, पत्रिका उघडण्यासाठी येथे दाबावे. सुतळीचं टोक तिच्या बोटांत तसंच राहिलं. कानशिलं एकदम तापली, आणि तापलेल्या कानांत कुणीतरी लांबून हलगी वाजवावी तसं काहीतरी वाजायला लागलं. सायलीचं लग्न. दुसरं कुणाचं असणार? भावाला तेवढी एकच लेक. म्हणजे भावाचा राग गेला. म्हणजे सायलीनंच म्हटलं असेल, आत्याला बोलवा म्हणून. तिनं पत्रिका दाबली. फोननं काहीतरी विचारलं, तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला फोनचाच राग आला. दारात पाहुणा उभा असताना घरातल्यांनी चौकशा कराव्यात तसं ते वाटलं. ती घाईनं हो म्हणाली. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. तारीख दिसली नाही, मुलाचं नाव दिसलं नाही. तिनं पुन्हा दाबून पाहिलं.

आणि हे कुणी करावं, तर प्रयागनं. गारखेड्यातल्या त्या नर्सिंग कॉलेजात ती तेवीस वर्षं होती, आणि शेवटची तीन वर्षं तर तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिच्याच हातानं लावलेली सूचना होती: अनोळखी व्यक्तीकडून आलेली कोणतीही फाइल उघडू नये. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या ई-मेलवर एका औषधकंपनीचं बिल आलं होतं. ते कुणीतरी उघडलं आणि एका दुपारी पहिल्या वर्षाच्या साऱ्या मुलींचे गुण कुलपात गेले. संगणकावर फायलींची नावं दिसायची, पण उघडलं की नुसता कचरा. सहा दिवस तिनं आणि संगणकाचं काम बघणाऱ्या झीशाननं कागदी उत्तरपत्रिकांवरून गुण पुन्हा चढवले होते. तेव्हापासून तिची नजर चाळणीसारखी झाली होती. वीज आज कापली जाईल, तुमचं पार्सल अडकलं आहे, बँकेची माहिती ताबडतोब भरा, तुमच्या नावावर पोलिसांत गुन्हा आहे. असले निरोप तिला अक्षरांच्या ठेवणीवरून कळायचे. स्टाफ तिला फोन आणून दाखवायचा, मॅडम, हे खरं का खोटं? घरी नवऱ्याचा फोनही रोज तीच झाडून काढायची. अभय हसून म्हणायचा, तू घरातली फौजदार. गेल्या काही महिन्यांत मात्र त्यानं फोन देणं बंद केलं होतं. मला आता कळतं गं, म्हणाला होता. तिलाही बरं वाटलं होतं, नवरा शिकला म्हणून.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. ग्रंथालयातल्या बाई: “प्रयागताई, अभिनंदन! कुणाचं लग्न काढलंत?” वसतिगृहाच्या वॉर्डन: “पत्रिका उघडत नाही हो, परत पाठवा.” मग प्राचार्य. मग दूधवाला. तिनं फोनमध्ये पाहिलं. तिच्या नावानं, तिच्या फोटोखाली, तिनं कधी न लिहिलेल्या त्या दोन ओळी शंभर जणांकडं गेल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत अजून जात होत्या. झीशान धावत आला. चाळिशी उलटलेला, दाढीत पांढरं आलेला शांत माणूस. त्यानं काही न विचारता तिच्या हातातून फोन घेतला, नेट बंद केलं, फोन बंद केला, मग खुर्ची ओढून समोर बसला.

“मॅडम, तुम्ही उघडली? तुम्ही?”

“हं.”

“किसका नंबर था?”

“माझ्या भावाचा.”

झीशाननं बंद फोन टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, “फिर तो कोई भी खोलता. पराये के नाव से नै आती ये चीज, मॅडम. अपनेवालों के नाव सेच आती. तुमच्या भाऊसाहेबांचा फोनपण गेलेला दिसतोय. त्यांना कळवा लगेच, ऑफिसच्या फोनवरून. बँकेलापण. मी सगळ्यांना सांगतो उघडू नका म्हणून.”

तो बोलत होता आणि तिच्या मनात मात्र एकच गोष्ट उतरत होती, सावकाश, तळाशी जाणाऱ्या दगडासारखी. पत्रिका नव्हतीच. भावानं बोलावलं नव्हतं. कुठल्यातरी गावच्या कुठल्यातरी माणसानं तोरणाचं चित्र चिकटवून सोडलेला सापळा होता तो, आणि तिनं त्यात सायलीचं लग्न पाहिलं होतं. आपण किती भुकेले होतो हे तिला त्या क्षणी कळलं आणि त्याची लाज वाटली. व्हायरसची वाटली नाही तेवढी त्या तीन वेळा म्हटलेल्या ‘हो’ची वाटली.

सायली तीन वर्षं तिच्याकडं होती. फुलंब्रीहून रोज बसनं कॉलेजला येण्यापेक्षा आत्याकडं राहू दे, असं भावानंच म्हटलं होतं. प्रयाग आणि अभयच्या घरात लेकरू नव्हतं. सायली आली आणि घराला आवाज आला. ती मोठ्यानं अभ्यास करायची, गाणं म्हणत भांडी घासायची, आत्याच्या यजमानांना त्यांच्याकडं म्हणतात तसं अभयला मामा म्हणायची आणि त्याच्याशी पत्त्यांत लबाडी करायची. शेवटच्या वर्षी एका दुपारी प्रयागनं तिला एका मुलाबरोबर पाहिलं. उसाच्या रसाच्या गाड्यावर दोघं उभी होती, एकमेकांकडं न बघता, आणि त्या न बघण्यातच सगळं होतं. रात्री भाकरी थापताना प्रयागनं विचारलं तेव्हा सायलीनं लपवलं नाही. गोकुळ नाव, वर्गातलाच, घरची परिस्थिती साधी, जात दुसरी. “आत्या, बाबांना सांगू नको. परीक्षा झाली की मीच सांगते. तुझ्या पाया पडते.” पिठाच्या हातानं प्रयागनं तिची हनुवटी धरली होती आणि शब्द दिला होता. तो तिनं पाळला. नवऱ्याला तेवढं सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हतंच. आठव्या दिवशी भाऊ जीप घेऊन दारात उभा. अर्ध्या तासात सायलीचं सामान गाडीत गेलं. जाताना सायलीनं जीपच्या काचेतून आत्याकडं जे पाहिलं होतं ते प्रयाग चार वर्षं उलटून-पालटून बघत होती. सायली समजूनच चालली होती, आत्यानं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी फोनवर भाऊ म्हणाला होता, “पोरगी तुझ्या भरवशावर ठेवली अन् तू माझ्यापासून लपवलंस. आजपासून माझी बहीण मेली.” लेकीच्या लेखी ती चुगलखोर आणि बापाच्या लेखी चोर, अशी दोन्हीकडून तिची कोंडी झाली. मग सांगितलं तरी कुणी? अभय म्हणाला होता, “कॉलेजात गावाकडची पोरं असतातच की. कुणीतरी बोललं असेल.” तिनं तेच धरून ठेवलं होतं. गावाकडच्या त्या बिनचेहऱ्याच्या पोराला तिनं मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या.

ऑफिसच्या फोनवरून भावाचा नंबर फिरवताना तिला तो पाठ होता याचंच नवल वाटलं. फोन वहिनीनं उचलला.

“वहिनी, मी प्रयाग. फोन ठेवू नका. भाऊच्या फोनमध्ये गडबड झालीय. त्याच्या नंबरावरून सगळ्यांना लग्नाची खोटी पत्रिका जायलीय. उघडू नका म्हणावं कुणाला.”

“पत्रिका?” वहिनी म्हणाली. “खोटी कशानं? आमचं लग्न तर पंधरवडा झाला उरकून.”

“कुणाचं?”

“अवं, आक्का, असं काय करता? सायलीचं. तुमच्या शहरातच, छावणीत दिली. दाजी आले होते की! अक्षता टाकल्या, जेवले, पोरगी त्यांच्या गळ्यात पडून रडली. तुमचं म्हणले, यायला मन होईना तिचं. आम्ही काय म्हणावं मग?”

टेबलावरचं ऊन तेवढ्यात गठ्ठ्यावर सरकलं होतं. प्रयाग त्या उन्हाकडं बघत होती. पंधरवड्यापूर्वी अभय जालन्याला गेला होता. कंपनीच्या कामाला. इस्त्रीचा पांढरा सदरा तिनंच काढून दिला होता. परतल्यावर त्याच्या खिशात तांदळाचे दोन-तीन पिवळट दाणे निघाले होते आणि तिनं ते बेसिनमध्ये झटकले होते, काही एक मनात न आणता. पलीकडं फोन कुणीतरी ओढून घेतला. भावाचा श्वास तिनं ओळखला.

“आता कशाला फोन केलास?” भाऊ म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता. “मी स्वतः पत्रिका घेऊन दाजींच्या कंपनीच्या गेटावर गेलो. घरी यायचं तोंड नव्हतं मला, म्हणून तिथं गेलो. म्हणलं, प्रयागला सांगा, झालं गेलं सोड, आत्याचा मान घ्यायला ये. दाजी म्हणले, विचारतो. अन् दोन दिवसांनी म्हणले, नाय येत म्हणते. मग संपलं ना?”

“भाऊ, मला कुणी विचारलंच नाही.”

“आता दाजींवर ढकल. त्या माणसानं तेव्हा येऊन सांगितलं म्हणून पोरगी हाताशी राहिली. तू तर दाबूनच ठेवलं होतंस. नवऱ्याला जी काळजी वाटली ती तुला वाटली नाही, सख्खी आत्या असून.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. प्रयागनं रिसीव्हर कानाशी तसाच धरला होता. तिला वाटलं, आपण ओरडू. पण डोकं विलक्षण स्वच्छ झालं होतं, दुखणं ओसरल्यावर होतं तसं. चार वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीत अभय होता. ती रडायची तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवणारा अभय. ‘जाऊ दे, आपल्याला आपण आहोत’ म्हणणारा अभय. दिवाळीत भाऊबीजेला तिला मुद्दाम बाहेर जेवायला नेणारा अभय. तो हात तिला आत्ता पाठीवर जाणवला आणि तिनं अंग चोरलं. त्यानं सांगितलं होतं. सांगून परत घरी येऊन तिच्यासमोर बसला होता, चहा प्यायला होता, आणि जीप आली तेव्हा सायलीची बॅग त्यानंच उचलून गाडीत ठेवली होती.

“मॅडम,” दारातून शिपाई मोतीरामचा आवाज आला. “घोळ झाला, मॅडम.”

मोतीराम साठीला टेकलेला होता. त्याच्या धाकट्या लेकीची सोयरीक सिल्लोडकडं जमत आली होती, येत्या आठवड्यात सुपारी फुटायची होती. प्रयागच्या नावानं आलेली पत्रिका त्यानं उघडली होती आणि त्याच्या फोनवरून ती गेली थेट सोयऱ्यांकडं. तिकडून फोन आला होता: लेक दुसरीकडं दिली व्हय, आम्हाला पत्रिका कशाला धाडता? मोतीराम हात जोडल्यासारखा उभा होता, पण त्याच्या तोंडावर राग नव्हता आणि ते बघवत नव्हतं. “तुमचं नाव बघितलं अन् उघडलं, मॅडम. नायतर मी काय असलं उघडत असतोय? तुम्हीच तर शिकवलं.”

प्रयाग उठली. तिनं मोतीरामला खुर्चीत बसवलं आणि सोयऱ्यांचा नंबर मागून घेतला. पलीकडच्या माणसाला ती पहिल्यापासून सगळं सांगत गेली. पत्रिका खोटी आहे, ती माझ्या भावाच्या नावानं मला आली, मी उघडली, माझ्या नावानं मोतीरामला गेली, त्याच्या नावानं तुम्हाला. मोतीरामनं लेक कुठं दिलेली नाही. चूक माझी आहे, त्याची नाही. पाहिजे तर सुपारीच्या दिवशी मी स्वतः येऊन तुमच्यासमोर बसते. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, तुम्ही अनोळखी असून इतकं तळमळून सांगायल्यात, खोटं कशाला सांगाल? सोयरीक मोडली नाय म्हणा मोतीरामला.” मोतीरामनं उपरण्यानं डोळे पुसले. प्रयागला मात्र तो शब्द टोचत राहिला. अनोळखी असून. तिला सिल्लोडच्या त्या न पाहिलेल्या माणसाचा हेवा वाटला. एका फोनवर त्यानं विश्वास ठेवला होता.

संध्याकाळी अभय सहाला आला. बूट काढताना तो वाकला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस तिला दिसले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या चपला, डबा, औषधं, झोपेतली कूस तिला ठाऊक होती. तिला वाटलं होतं की आपण त्याला बघताच काहीतरी बदललेलं दिसेल. काहीच बदललेलं नव्हतं. त्यानंच विचारलं, “सकाळी काय झालं गं? तुझ्या नंबरावरून मलापण काहीतरी आलं होतं. मी नाही उघडलं.” आणि हसला.

“सायलीच्या लग्नात काय जेवण होतं?”

हसू त्याच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग तो मोज्यांसकट पायावर पाय ठेवून पलंगावर बसला.

“कुणी सांगितलं?”

“जेवण काय होतं ते सांग.”

“वरणबट्टी होती,” तो म्हणाला. “वांग्याची भाजी. बुंदी.”

“सायलीनं काय नेसलं होतं?”

“प्रयाग…”

“सांग. मी नव्हते ना तिथं. तू होतास. रंग सांग.”

“हिरवा. हिरवा शालू होता.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “मला वाटलं होतं, तू गेलीस तर परत सगळं उकरून निघेल. तिथं लग्नघरात तमाशा नको म्हणून…”

“पत्रिका कुठंय?”

“फाडली.”

“माझं नाव होतं त्यावर?”

तो खाली वाकून मोजा काढायला लागला. तेवढ्यावरून तिला कळलं. भावाच्या अक्षरात तिचं नाव होतं आणि ते ह्यानं कंपनीच्या गेटाबाहेर कुठंतरी फाडलं होतं. कसं फाडलं असेल, आधी दोन तुकडे, मग चार, असं ती मनात बघत राहिली, आणि ते बघताना तिला तिचाच अंगठा आठवला, पांढऱ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दाबणारा. खोट्या पत्रिकेवर तिनं जीव टाकला होता आणि खरी ह्याच्या खिशात होती.

“तू सांगितलंस भाऊला,” ती म्हणाली.

“मला भीती वाटली, प्रयाग. परक्याची पोर घरात. उद्या पळून गेली असती तर तुझ्या भावानं मलाच धरलं असतं. मी त्याला एवढंच म्हणलं होतं, माझं नाव घेऊ नका. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल, मग तुला सांगेन. निवळलं नाही. मग सांगायची वेळच गेली.”

“परक्याची पोर,” ती म्हणाली. इतकंच तिच्या तोंडून निघालं. तो पुढंही बोलत होता, तुझ्या भल्यासाठी, घरासाठी. ती ऐकत होती आणि तिला रोजच्या त्या निरोपांची आठवण येत होती, आपल्या सुरक्षेसाठी, आपल्या हितासाठी, म्हणून सुरू होणाऱ्या. त्यांच्यात निदान अक्षरांच्या ठेवणीत कुठंतरी खोट दिसायची. ह्याच्या आवाजात तिला आत्तासुद्धा दिसत नव्हती. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. शेवटी तिनं एकच विचारलं, “रडताना ती काय म्हणाली तुला?”

“म्हणाली…” अभयनं मान खाली घातली. “मामा, तुम्ही तरी आलात.”

दोन दिवस ती घरात राहिली, स्वयंपाक केला, बँकेत जाऊन आली, झीशाननं फोन धुऊन पुसून कोरा करून दिला तो परत आणला. त्यात आता कुणाचंच नाव नव्हतं. अभयशी ती बोलली नाही आणि भांडलीही नाही. मधेच तिला वाटायचं, सोडून द्यावं. सायलीचं बरं चाललं असेल, कशाला त्यात पडावं. आणि मग भाजी चिरताना, पदर खोचताना, रस्ता ओलांडताना ती जीपची काच समोर यायची. रविवारी दुपारी चारला ती रिक्षा करून छावणीत गेली. वहिनीकडून पत्ता घेतला होता. बाजाराच्या कडेला लष्करी गणवेश शिवायचं दुकान होतं, वर घर. जिन्यात नव्या कापडाचा, खळीचा वास होता. सायलीच्या सासूनं ओळख विचारली, आत्या म्हटल्यावर तोंडभरून या म्हणाली, बसायला दिलं, आणि समजूतदारपणानं खाली दुकानात निघून गेली.

सायली आली. अंगानं भरली होती, हातात चुडा होता. ती वाकून पाया पडली, पण हात पायांपर्यंत पोचले नाहीत.

“बरी आहेस?” प्रयागनं विचारलं.

“आहे की. चांगली माणसं आहेत.”

“गोकुळचं…”

“ते झालं, आत्या. त्याचंपण लग्न झालं मागल्या वर्षी.” सायली चुडा मागंपुढं करत होती. “तुम्ही कशाला आलात?”

पूर्वी ती आत्याला तू म्हणायची. प्रयागनं घरून किती वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता आठवेना. ती सरळ म्हणाली, “मी तुझ्या बाबांना सांगितलं नव्हतं. तुला दिलेला शब्द मी मोडला नाही.”

“मग कुणी सांगितलं? तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.”

“मी तुझ्या मामांना बोलले होते. त्यांनी सांगितलं.”

सायलीनं तिच्याकडं पाहिलं. चार वर्षांपूर्वीची ती नजर नव्हती. तिच्यात रागही नव्हता, थोडी कीव होती.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “आता मामांवर नका ढकलू. सगळ्या घरात त्यांनीच तेवढी माया केली माझ्यावर. महिन्या-दोन महिन्याला फोन करायचे. लग्नाला आले. तुमचं विचारलं तर म्हणायचे, तिचा स्वभावच तसा आहे, तू मनावर घेऊ नको.”

खाली शिवणयंत्रं चालू होती. त्यांची घरघर फरशीतून प्रयागच्या तळपायांना लागत होती. महिन्या-दोन महिन्याला. म्हणजे तिच्या रडण्याच्या दिवसांतही. एकीकडं तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि दुसरीकडं सायलीला फोन करून तिला वाईट ठरवायचं, म्हणजे दोघींत पुन्हा कधी बोलणं होऊ नये. तिला वाटलं, आपण उठावं आणि जावं. आपलं नावच आता ह्या घरात खोटं झालंय. आपण काहीही सांगितलं तरी ते त्या नावाखालीच जाणार. पण सिल्लोडच्या माणसाशी बोलताना आपला आवाज कसा होता ते तिला आठवलं, आणि मोतीरामचं तोंड. तिनं पिशवीतून फोन काढला. अभयचा नंबर तिनं आठवून आठवून दाबला.

“मी छावणीत आहे,” ती म्हणाली. “सायलीकडं. तू ये. आत्ता.”

तो म्हणाला, “येतो.”

पंचवीस मिनिटं दोघी समोरासमोर बसून राहिल्या. सायलीनं चहा केला. कपाच्या कानाशी तिचं बोट पूर्वीसारखंच वाकडं धरलेलं होतं आणि ते पाहून प्रयागला भडभडून आलं, पण ती रडली नाही. रडलो तर तेही नाटक वाटेल असं तिला वाटलं. मग खाली स्कूटर थांबली. जिन्यावर पावलं वाजली. अभय दारात आला तशी सायली हसून उठली, “मामा!” म्हणाली आणि त्याच्या पाया पडली. तिचे हात त्याच्या पायांना लागले. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याची नजर प्रयागकडं गेली, तिथून कपांकडं, तिथून खिडकीकडं.

“मामा,” सायली उभी राहत म्हणाली, “आत्या काहीतरीच म्हणते. गोकुळचं बाबांना तुम्ही सांगितलं म्हणते.”

ती हे अगदी सहज म्हणाली. तो नाही म्हणेल, आपण तिघंही हा विषय संपवू, असा तिचा स्वर होता. अभयनं घाम पुसला. त्याच्या ओठांवर एक शब्द येऊन थांबलेला प्रयागला स्पष्ट दिसला. ‘नाही’ म्हणणं त्याला किती सोपं होतं. सायलीनं लगेच मानलं असतं. प्रयाग कपाळाशी पदर धरून बघत राहिली. तिला आता काही नको होतं त्याच्याकडून, एवढं एकच सोडून.

“झालं ते झालं, बेटा,” अभय म्हणाला. “तुझं भलंच झालं ना शेवटी? आता कशाला उकरायचं?”

सायलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझत गेलं. तिनं त्याच्याकडं, मग त्याच्या पायांकडं पाहिलं, जिथं तिनं आत्ताच हात लावले होते. मग ती एक पाऊल मागं सरकली. दुसरं. तिसऱ्या पावलाला ती प्रयागच्या खुर्चीला टेकली आणि तिचा हात मागं येऊन आत्याच्या खांद्यावर पडला, आधार शोधताना पडावा तसा. प्रयागला आनंद झाला नाही. तिनं त्या हातावर हात ठेवला. बांगड्या थंड होत्या. तिला वाटलं, आधी गोकुळ, आज मामा; पोरीनं दुसऱ्यांदा कुणाला तरी गमावलं आणि ह्या वेळी त्याला कारण आपण आहोत.

“मामा, तुम्ही जा,” सायली म्हणाली.

अभय अजून उभा होता. “चल, प्रयाग,” तो म्हणाला. “घरी बोलू.”

“तू जा,” ती म्हणाली. “मी बसते जरा हिच्याजवळ.”

“मग केव्हा येशील?”

प्रयागनं सायलीला खाली ओढून शेजारी बसवलं. जिन्यावरून पावलं उतरत गेली, एक एक. खाली स्कूटरला दोन-तीन किका बसल्या, ती चालू झाली. बराच वेळ ती एका जागीच फुरफुरत राहिली; तो वर खिडकीकडं बघत वाट पाहत असणार. मग आवाज बाजाराच्या गर्दीत मिसळला. सायली तिच्या मांडीवर डोकं टेकून हुंदके देत होती, आणि प्रयाग तिच्या केसांतून हात फिरवत विचारत होती, “हिरव्या शालूचा काठ कसा होता गं? मला सगळं पहिल्यापासून सांग.”